एकही घर रिकामं न ठेवणारा नियम

पेणजवळच्या गडबला रस्त्याच्या कडेला वालाच्या शेंगांच्या पाट्या मांडलेल्या दिसल्या की लोकांना पोपटी आठवते. मडकं, भांबुर्ड्याचा पाला, ओवा, जाडं मीठ, शेंगा आणि भोवती पेटवलेला पेंढा. मला मेघना आठवते. आणि मेघना आठवली की हेवा आठवतो. आठवतो म्हणणंही खरं नाही, तो गेलेला नसतोच. पावसाळाभर कुठेतरी पडून असतो आणि भात कापून शेतं मोकळी झाली की वालाबरोबर वर येतो. वालाला पाणी घालावं लागत नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर तो वाढतो. माझ्या हेव्यालाही कधी कुणी पाणी घातलेलं नाही. मेघनानं तर नाहीच.

आता मी पेणला रामवाडीत राहते आणि ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी विसरत नाही. रविवारी गडबला आईकडे जाते. यंदा शेंगा भरायला लागल्या त्याच आठवड्यात मेघनाचा परदेशातून मेसेज आला. पीएचडी पूर्ण झाली होती. सोबत तिचा प्रबंध होता आणि खाली एकच ओळ होती : काकींना नक्की सांग. काकी म्हणजे माझी आई.

मी ‘अभिनंदन’ लिहिलं, पुढे फुलांचा गुच्छ टाकला आणि फोन उलटा करून ठेवला.

सहा वर्षांपूर्वीचा तो हंगाम होता. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टसाठी सरांनी आम्हा दोघींना एकच विषय दिला होता. ऐकायला तो सोपा होता. एक आकडा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्यात एक मिळवायचा, तेराने भागायचं आणि उरलेली बाकी ठेवायची. त्या बाकीवर पुन्हा तेच. शून्य ते बारा एवढेच आकडे असलेलं हे बंद जग. घड्याळात बारानंतर पुन्हा एक येतो, तसं इथे मोजत गेलं की पुन्हा शून्य येतं. आकडेच मोजके, त्यामुळे कधी ना कधी आधी येऊन गेलेला आकडा पुन्हा येतो. पण जिथून निघालो तिथेच परत येऊ याची खात्री नाही. काही आकडे फिरून आपल्या जागी येतात, त्यांना आवर्ती बिंदू म्हणतात. बाकीचे एकदा निघाले की दुसऱ्यांच्या चक्रात मिसळतात आणि आपल्या जागेवर पुन्हा कधीच दिसत नाहीत. तेराच्या जागी दुसरी मूळ संख्या घेतली की नवं जग, नवी चक्रं. कोण परततं आणि किती परततात, हा आमचा प्रश्न होता.

मी लांब वह्या आणल्या आणि तक्ते करायला लागले. एका पानावर एक संख्या. आकडे निळ्या पेनानं, बाण लाल पेनानं. ओटीवर भिंतीला टेकून बसायचं आणि वर्ग करत सुटायचं. बाजूला नव्या पेंढ्याचा वास, मांजर वहीवर येऊन बसायचं. मी मेहनती होते. शाळेपासून सगळ्यांनी मला हाच शब्द दिला होता आणि मला तो आवडायचा. मेघनाबद्दल मात्र कुणी तो शब्द वापरत नसे. तिला सगळे हुशार म्हणत.

ती रोह्याची. वडील कंपनीत, शिफ्टला. रविवारी एस.टी.नं गडबला यायची. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात एकच वही, आणि पुष्कळदा पेन नसायचा. माझा पेन घ्यायची. माझे तक्ते बघायची, बोट फिरवत दोन पानं उलटायची आणि म्हणायची, “इथे तुझा एक बाण चुकलाय.” आणि तो चुकलेला असायचा.

मी एकदाच तिच्या घरी रोह्याला गेले. कुंडलिकेच्या बाजूला दोन खोल्या. वडील रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपले होते, म्हणून घरातली माणसं चवड्यावर चालत होती, तिची आई कुजबुजत बोलत होती. खिडकीशी मेघनाचं टेबल होतं. तिचं एकटीचं. त्यावर कुणी पापड वाळत घातले नव्हते, कुणी डाळ निवडत नव्हतं. चहा घेताना मी त्या टेबलाकडेच बघत होते. हिला सगळं पटकन दिसतं ते या टेबलामुळे, असं मी परतताना एस.टी.त ठरवूनच टाकलं. तेवढ्यानं दोन दिवस बरं वाटलं.

पण जानेवारीतल्या एका रविवारी ती आमच्याकडे आली तेव्हा टेबल नव्हतं. अंगण होतं, आमचंच.

आई भिजवून मोड आणलेले वाल सोलत बसली होती. डाळिंब्या सोलायचं काम वेळ खातं. एकेक दाणा बोटात धरायचा, हलकं दाबायचं, साल सुटून हिरवट डाळिंबी पातेल्यात पडते. बोटांना तो उग्र, कडवट वास दिवसभर राहतो. मी शेजारी वही घेऊन बसले होते, मेघना शेंगदाणे खात होती. आईनं तिला सहज विचारलं, “काय गो करता तुमी ह्या वहीत? हिला इचारलं तर सांगते, आई, तुला नाय समजायचं.”

मी तसं म्हटलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. वाईट हेतूनं नव्हे. मला खरंच वाटायचं की हे सांगायचं तर आधी बीजगणित सांगावं लागेल, त्याच्या आधी शाळाच सांगावी लागेल. आई चौथीपर्यंत शिकलेली. ती माझ्या वह्यांकडे डॉक्टरच्या चिठ्ठीकडे बघावं तशी बघायची, आदरानं आणि न वाचता.

मेघना उठली. चुलीजवळचा कोळसा घेतला आणि सारवलेल्या अंगणात तेरा घरं आखली. प्रत्येकात शून्य ते बारा आकडे लिहिले आणि प्रत्येकाच्या खाली, तिथून कुठल्या घरात जायचं तो आकडा. मग सुपातले कोरडे वाल घेऊन प्रत्येक घरात एक ठेवला. “काकी, आता सगळ्यांनी एकदमच निघायचं. कोणी आधी नाही, कोणी मागून नाही.” दोघी उकिडव्या बसून वाल हलवायला लागल्या. मला सांगितलं, तू आकडे वाच. मी माझ्याच अंगणात, माझ्याच विषयाचे आकडे वाचत होते.

पहिल्या फेरीनंतर सात घरं भरलेली राहिली. कुठे एक वाल, कुठे दोन. सहा घरं रिकामी झाली. आईनं ती पाहिली, सुपात हात घातला आणि रिकाम्या सहाही घरांत एकेक वाल ठेवून दिला.

“काकी, हे काय केलं?” मेघना हसत म्हणाली.

“नांगे भरले,” आई म्हणाली. “रिकामं ठेवतात काय कधी?”

पेरलेलं बी जिथे उगवत नाही त्या मोकळ्या जागेला आमच्याकडे नांगा म्हणतात. आठ-दहा दिवसांनी जाऊन तिथे नवं बी टोचायचं असतं. आईनं जन्मभर ते केलं होतं. मला मात्र लाज वाटली. मी चिडून म्हटलं, “आई, हे शेत नाही.” आईनं मुकाट्यानं सहाही वाल परत उचलले.

दुसऱ्या फेरीत अकरा नंबरचं घरही रिकामं झालं. भरलेली सहा उरली. तिसऱ्या फेरीत तीच सहा, चौथ्या फेरीतही तीच. आई पुढे वाकून बघत होती. चार आणि दहामधले वाल जागचे हलत नव्हते. शून्यातले एकात जात होते, एकातले दोनात, दोनातले पाचात, पाचातले परत शून्यात. पाचव्या फेरीला आईनं मेघनाचा हात धरून थांबवलं.

“म्हंजे ह्या सहा घरातले तेवढे आपल्या घरी परत येनारे. बाकीचे दुसऱ्याच्या घरी जाऊन राह्यले ते राह्यले.”

सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलेली व्याख्या होती ती. इंग्रजीत, दोन ओळींत. मला ती पाठ व्हायला वेळ लागला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. माझी आई, जिला मी काय शिकते हे कधी कळणार नाही असं मी धरून चालले होते, तिला ते दहा मिनिटांत कळलं होतं. पण झाला नाही. आईच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि ते माझ्यामुळे उमटलं नव्हतं. मेघनाला मार्क मिळाले, सरांची शाबासकी मिळाली, तिच्या टेबलावर खिडकीतून उजेड आला, हे सगळं मी सोसलं असतं. हे मला सोसवलं नाही. माझ्या घरातली एक खोली मला कुलूपबंद वाटत होती, आणि पाहुणीनं नुसती कडी काढून ती उघडली होती.

आई अजून घरांकडेच बघत होती. मग तिनं विचारलं, “असा नियम नाय काय, की एक बी घर रिकामं राह्यचा नाय?”

मला वाटलं, हिचं अजून नांगे भरणंच चाललंय. मी म्हटलं, “नियम सरांनी दिलाय, आपण बदलायचा नसतो.” मेघना मात्र हातात कोळसा तसाच धरून उभी राहिली. जेवताना आईनं तिच्या ताटात बिरडं वाढलं, वर ओलं खोबरं, पुन्हा एकदा खोबरं. मी ती दोन मुठी खोबरं अजून विसरलेली नाही. ती जेवली, पण तिचं लक्ष नव्हतं. चारची एस.टी. आली तेव्हा माझा पेन परत न देताच गेली.

सोमवारी तिनं सरांना विचारून आपला विषय थोडा वळवला. मी जे मोजत होते ते सोडून ती वेगळंच शोधायला लागली : कुठल्या जगात, कुठल्या नियमाखाली कोणीच हरवत नाही. आईचा प्रश्न आम्ही दोघींनी एकाच वेळी, एकाच अंतरावरून ऐकला होता. मला त्यात आईची चूक ऐकू आली. तिला प्रश्न ऐकू आला.

मार्चमध्ये वाल वाळले, झोडून झाले आणि आमचे प्रोजेक्टही बांधून आले. माझा जाडजूड, तक्त्यांनी भरलेला. तिचा पातळ. तिनं एक जादा प्रत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, काकींसाठी आहे. आभाराच्या पानावर सरांच्या खाली लिहिलं होतं : हा प्रश्न ज्यांनी विचारला त्या गडबच्या द्वारकाकाकी यांची मी ऋणी आहे.

माझ्याही प्रोजेक्टात आभाराचं पान होतं. त्यात विभाग होता, ग्रंथालय होतं, आणि शेवटी, सगळे लिहितात तसं, आईवडील होते. एकच शब्द, दोघांत मिळून. आईचं नाव माझ्या मार्कशीटवर आहे, पण ते रकाना होता म्हणून छापलेलं. कुणीतरी मुद्दाम, आठवणीनं लिहिलेलं ‘द्वारका’ हे नाव मी आयुष्यात प्रथम वाचलं ते मेघनाच्या प्रोजेक्टात.

ती प्रत मी आईला दिली नाही. इंग्रजी आहे, तिला काय कळणार, असं स्वतःला सांगितलं. मग नोकरी लागली, रामवाडीत खोली घेतली, तेव्हा ती प्रत माझ्याबरोबर आली आणि कपाटात खालच्या कप्प्यात जुन्या चादरींखाली गेली. आई दर वर्षी वालाच्या दिवसांत विचारायची, मेघना काय करते गो आता? मी म्हणायची, शिकतेच आहे अजून. ‘अजून’ या शब्दावर थोडा जोर द्यायची, जणू ती नापासच होत होती.

कॉलेजात मी मन लावून शिकवते. माझ्यासारखीच मुलं असतात, वडखळची, कासूची, घरात पहिलीच. मी त्यांचे पेपर बारकाईनं तपासते. एक चूक दर वर्षी सापडते. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज, असं निम्मी मुलं लिहितात. मधलं पद गाळतात. मी लाल पेनानं गोल करते आणि मधलं पद लिहून देते. हजारदा तरी दिलं असेल.

मेघनाचा मेसेज येऊन तीन आठवडे झाले तरी मी आईला काही बोलले नाही. मग गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही दोघी शेतात शेंगा तोडत होतो. सकाळचं दव अजून होतं, साड्यांच्या ओच्यांना ओल लागत होती. आईनं नेहमीसारखं विचारलं, मेघना काय करते गो? या वेळी ‘अजून’ म्हणता येत नव्हतं. मी म्हटलं, तिचं पूर्ण झालं, ती डॉक्टर झाली. मग तिथेच उभी राहून बाकीचंही सांगितलं. तिच्या प्रबंधात तुझं नाव आहे. सहा वर्षांपूर्वीच्या प्रोजेक्टातही होतं. तुझ्यासाठी दिलेली प्रत माझ्या कपाटात आहे. मी लपवून ठेवली.

आई शेंगा तोडत राहिली. ती रागावेल असं वाटलं, किंवा तिला आनंद होईल. तिनं विचारलं, “का लपवलीस?”

“मला तिचा हेवा वाटत होता.”

“अजून वाटतो?”

“व्हय,” मी म्हटलं. गावाबाहेर पडल्यापासून हा शब्द मी वापरत नाही, तो आपोआप आला.

आईनं ओच्यातल्या शेंगा पाटीत रिकाम्या केल्या. “नावाचा ऱ्हाव दे,” ती म्हणाली. “मी इचारलं होतं त्याचं काय झालं? गावला काय तिला तसला नियम?”

सहा वर्षांत मी ते आभाराचं पान कितीदा तरी उघडलं होतं. त्याच्या पुढचं पान एकदाही उलटलं नव्हतं. आईचा प्रश्न, माझ्या मैत्रिणीचं उत्तर, दोन्ही माझ्याच कपाटात चादरींखाली होती आणि मला त्यातलं फक्त नाव माहीत होतं.

“वाचलं नाही,” मी म्हटलं.

“मग वाच. पुढल्या आयतवारी सांग.”

आठवडाभर कॉलेजातून आले की मी वाचत बसायची. आधी तो पातळ प्रोजेक्ट, मग प्रबंध. प्रामाणिकपणे लिहायचं तर हेवा कमी झाला नाही. उलट आतापर्यंत तो आंधळा होता, आता त्याला दिसायला लागलं. एखादी ओळ वाचून मी थांबायची, ती इतकी सरळ असायची की ती मलाही सुचली असती असं वाटायचं, आणि सुचली नव्हती हे लगेच कळायचं. प्रोजेक्टाच्या चौथ्याच पानावर उत्तर होतं. असं एक आकड्यांचं जग घ्यायचं, जिथे एकात एक मिळवला की शून्य होतं. त्या जगात दोन आकड्यांच्या बेरजेचा वर्ग केला की मधलं पद दोनदा येतं आणि म्हणून आपोआप नाहीसं होतं. म्हणजे मी हजारदा लाल पेनानं गोल केलेली ती मुलांची चूक तिथे बरोबर असते. आणि ती बरोबर आहे म्हणूनच तिथे दोन वेगळे आकडे कधी एका घरात जात नाहीत. नियम आमचाच, वर्ग करून एक मिळवायचा. जग बदललं की तोच नियम एकही घर रिकामं ठेवत नाही. इतकी वर्षं ही गोष्ट दर परीक्षेला माझ्या हाताखालून गेली होती, आणि मी तिचे मार्क कापत होते.

रविवारी गडबला गेले. आई ओटीवर शेंगा सोलत होती. मी शेजारी बसले आणि सांगायला लागले. मला मेघनासारखं सांगता येत नाही. मी अडखळले, मध्येच मागे गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकात एक मिळवून शून्य होतं म्हणजे काय, हे आईला पटेना. मग मी उठून जुन्या टॉर्चचं बटण दाखवलं. एकदा दाबलं की पेटतं, तेच पुन्हा दाबलं की विझतं. दोनदा दाबलं म्हणजे दाबलंच नाही. आई म्हणाली, “हां.”

“तिथे दोन जण एका घरात जातच नाहीत,” मी म्हटलं.

“मग घर कशाला रिकामं ऱ्हाईल.”

“नाहीच राहत. आणि सगळेच्या सगळे फिरून आपापल्या घरी परत येतात.”

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही, थोडी भीती वाटत होती. “बरा हाय तो नियम,” ती म्हणाली. मग तिनं पुढची शेंग घेतली, सोलली आणि विचारलं, “आनि कधीच परत न येनारा असा कोन नाय काय? तुमच्या त्या गनितात?”

हा प्रश्न मेघना इथे नसताना विचारला गेला होता. प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ते होतं आणि आदल्याच दिवशी मी ते दोनदा वाचलं होतं. त्याच जगात ‘क्ष’सारखं एक अक्षर आणून सोडायचं, ज्याला कुठल्याही आकड्याची जागा दिलेली नाही. नियम तोच लावायचा. ते पुढे जातं, आणखी पुढे जातं, दर पावलाला मोठं होतं आणि मागे कधीच येत नाही.

“आहे,” मी म्हटलं आणि उठले. चुलीजवळ कोळसा शोधायला लागले. मग माझ्या लक्षात आलं की याला कोळसा उपयोगाचा नाही. “पण त्याची घरं आखता येत नाहीत, आई. ते जातच राहतं. कितीही आखली तरी जागा पुरायची नाही.”

“मग आखू नको,” आई म्हणाली. “इथं बस आनि तोंडानं सांग.”